माहेरचे दोन भाऊ

थोरलीचा मुलगा सहा वर्षांचा झाला तरी जिना चढताना कठडा सोडत नव्हता. मैदानात पळायला लागला की हमखास तोंडावर आपटायचा. घरात त्याला सगळे धडपड्या म्हणू लागले. थोरलीच्या सासूबाईंचं म्हणणं, पोराला लाडावून ठेवलंय, अंगात आळस भरलाय. शाळेतून वहीत शेरा आला की मुलगा खेळाच्या तासाला टाळाटाळ करतो. असं एखादं पोर आपणही पाहिलं असेल, आणि आपणही हसून तेच म्हटलं असेल!

थोरली आणि धाकटी या दोन लेकींची आई शाळांचे गणवेश शिवायची. आसपासचे सगळे तिला शिवणवाल्या बाई म्हणत. एकदा माप द्यायला आलेला धडपड्या खाली पडलेला खडू उचलायला वाकला आणि फतकल मारून बसला. उठताना त्यानं आधी हात जमिनीवर टेकले, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत गेल्यासारखा कसाबसा उभा राहिला. असं उठणारी दोन मुलं बाईंनी लहानपणी पाहिली होती. त्यांचे सख्खे भाऊ. दोघांचंही चालणं दहा-बाराव्या वर्षी थांबलं आणि विशी गाठायच्या आत दोघंही गेले. माहेरी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही असा दंडक होता. कुणी विचारलंच तर ‘तापानं गेले’ एवढंच सांगायचं.

बाईंनीही तोंड उघडलं नाही. पायांना तेल चोळ, वयाबरोबर सुधारेल, असं थोरलीला सांगून त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

निदान व्हायला आणखी दीड वर्ष गेलं. स्नायू हळूहळू झिजवणारा तो आजार होता, हजारोंतल्या एखाद्याच मुलाला होणारा. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं की हा दोष आईकडून मुलाकडे येऊ शकतो. मुलींच्या अंगात तो बहुधा गुपचूप राहतो, मुलगे मात्र त्यात खंगतात. मग त्यांनी शिवणवाल्या बाईंकडे वळून विचारलं, “तुमच्या माहेरी कुणाला असं काही होतं?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे सगळे धडधाकट.”

धाकटीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तरीही बजावलं की मूल होण्याआधी धाकटीची तपासणी करून घ्याच, आणि तशी चिठ्ठी लिहून दिली. थोरलीनं ती आईच्या हवाली केली. बाईंनी ती दोऱ्यांच्या डब्यात तळाशी घातली. लग्नानंतर थोरलीनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “झाली तपासणी. काही निघालं नाही.” खोटं बोलताना त्यांचा आवाजसुद्धा हलला नाही.

थोरली एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. मुलाचे व्यायाम, गोळ्या, इस्पितळाच्या फेऱ्या यांपायी ती अर्ध्या दिवसाच्या कामावर आली. नवरा इस्पितळात येईनासा झाला. सासूबाई तर आल्यागेल्यासमोर म्हणत, “आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. हे हिनंच आणलं.” एकदा बाई समोर असतानाच त्या तसं म्हणाल्या. थोरलीनं आशेनं आईकडे पाहिलं. बाई पदराची शिवण न्याहाळत राहिल्या.

चार वर्षं गेली. धडपड्या चाकाच्या खुर्चीत बसू लागला. धाकटीचा मुलगा तीन वर्षांचा झाला. त्याच्या पोटऱ्या भरदार होत्या आणि बघणारा प्रत्येक जण त्याला पैलवान म्हणायचा. बाईंना मात्र त्या पोटऱ्यांचा अर्थ कळत होता. त्यांच्या थोरल्या भावालाही लहानपणी सगळे पैलवानच म्हणायचे. तरीही त्या आणखी चार महिने गप्प राहिल्या.

त्या सुमारास इस्पितळाच्या दालनात अशा मुलांच्या पालकांचा मेळावा होता. खुर्ची ढकलायला माणूस हवं म्हणून थोरलीनं आईला नेलं. तिथे एक बसचालक टेबलाटेबलावर फिरून घराण्यांचे तक्ते भरून घेत होता. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन, आणि आजारानं गेलेल्यांच्या चौकोनावर तिरकी रेघ. त्याचा स्वतःचा मुलगा दोन वर्षांपूर्वी, सतराव्या वर्षी गेला होता, हे बाईंनी कुणाकडून तरी ऐकलं. न राहवून त्यांनी विचारलं की मुलगा तर गेला, मग आता ही धडपड कशासाठी?

चालक त्यांच्यासमोर बसला.

“औषध शोधणाऱ्यांना आधी आमची मुलं सापडायला हवीत, ताई. अशी घरं मुळात मोजकी. त्यातली निम्मी लाजेपायी दार लावून बसली, तर संशोधन करायचं कुणावर? माझ्या सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांचा भाऊ यातच गेलेला. त्या बोलल्या असत्या तर आम्ही डॉक्टरांकडे दोन वर्षं आधी पोहोचलो असतो. मुलगा बरा झाला नसता, मला माहीत आहे. पण डॉक्टर म्हणाले, कदाचित आणखी दोन वर्षं चालला असता. स्वतःच्या पायांनी शाळेत गेला असता. दोन वर्षं तुम्हाला थोडी वाटतात का हो?”

बाईंनी पेन मागितलं आणि आपल्या नावाच्या गोलाशेजारी दोन चौकोन काढले. दोन्हींवर रेघ मारली.

मागे उभ्या असलेल्या थोरलीनं विचारलं, “हे कोण?”

“माझे भाऊ.”

“आणि धाकटीची तपासणी?”

“केलीच नव्हती.”

थोरली ओरडली नाही. “चार वर्षं मी त्या घरात एकटीनं ऐकून घेतलं,” ती म्हणाली. “आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस.” मग तिनं मुलाची खुर्ची वळवली आणि ती निघून गेली.

धाकटीच्या मुलाला तोच आजार निघाला. ती आईच्या दारात आली, पण आत आली नाही. “मला निदान ठरवू तरी द्यायचं होतंस, आई,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर बाईंनी तपासणीसाठी स्वतःचं रक्त दिलं. आपल्या सख्ख्या बहिणीच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. बहिणीनं तोंडावर दार लावलं, पण तिच्या दोन्ही मुली आपण होऊन तपासणीला गेल्या. एकीत दोष निघाला. तिचं लग्न व्हायचं आहे, आणि ती सगळं सांगूनच करणार आहे. थोरलीच्या सासूबाईंसमोरही बाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या की दोष कुणाचाच नाही, लपवण्याचा गुन्हा मात्र माझा. सासूबाईंनी माफी मागितली नाही. चहाही विचारला नाही.

आता दर महिन्याला बाई इस्पितळात चालकाशेजारी बसून नव्या घरांचे तक्ते भरतात. गप्प बसलेली एखादी आजी दिसली की आधी स्वतःच्या भावांची नावं सांगतात. थोरली नुकतीच त्यांच्याशी दोन शब्द बोलू लागली आहे. धाकटी मुलाला घेऊन येते, लांबच्या बाकावर बसते आणि तपासणी झाली की मागे न बघता निघून जाते. तिनं बोलावं असं बाईही म्हणत नाहीत.

वाचकहो, रक्तातून काय उतरावं हे आपल्या हाती नसतं. त्याची लाज कुणालाच नको, आईला तर मुळीच नको. पण ठाऊक असून गप्प बसणं आपल्या हाती असतं, आणि त्याचं ओझं पुढची लेकरं वाहतात. तुमच्या घरात असं न सांगितलेलं एखादं नाव असेल तर ते आज डॉक्टरांना सांगा. शेजारच्या घरात असं मूल असेल तर बोट दाखवण्याआधी त्याची खुर्ची ढकलायला हात लावा. बाईंना हे कळलं, पण धाकटीच्या मुलासाठी फार उशिरा.