न सांगितलेली विनंती

म्हाताऱ्या इर्माचा सकाळीच फोन आला. "पास्टर, धीर सोडू नका. तुम्हाला प्रार्थना करता येत नाही ना, मग तुमच्या वाटची आम्ही करतो." एवढं बोलून तिने फोन ठेवला. वेंडेलच्या हातातला टोस्ट हातातच राहिला.

ही गोष्ट त्याने जगात एकाच माणसाला सांगितली होती. लाइलला. बायकोलासुद्धा नाही.

अमेरिकेतल्या आयोवातलं हे गाव एवढंसं. गेली कित्येक वर्षं वेंडेल इथल्या चर्चचा पाळक, म्हणजे पास्टर, होता. कुणाचा नवरा पितो, कुणाची पोरगी घरी फोन करत नाही, सगळं त्याच्या पोटात जाऊन बसायचं. पण पाळकाने स्वतःचं कुणाला सांगायचं? त्याला लाइल होता. दर मंगळवारी दोघं हायवेवरच्या हॉटेलात ॲपल पाय खायला बसायचे. तिथेच मागच्या आठवड्यात वेंडेल बोलून गेला होता, "अरे, ईस्टरपासून आत सगळं कोरडं पडलंय. तोंडाने प्रार्थना म्हणतो, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटतच नाही." लाइलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हाताने वेंडेलला किती बरं वाटलं होतं!

आणि त्याच हाताने लाइलने घरी जाऊन फोन उचलला. चर्चच्या या मंडळीत प्रार्थनेची साखळी असते: एकाने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, की अमक्यासाठी प्रार्थना करा. चहाडी म्हटलं की पाप, प्रार्थनेची विनंती म्हटलं की पुण्य! दुपारपर्यंत गावभर झालं होतं. पोस्टातली बाईसुद्धा वेंडेलकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

त्याने लाइलला गाठलं. लाइल जराही वरमला नाही.

"मी कुठे बोंब मारली? विनंतीच तर घातली," तो म्हणाला. "ओझी वाटून घ्या, असं तूच सांगतोस ना दर रविवारी?"

वेंडेलचंच वाक्य होतं ते.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात प्रार्थनासभा भरली. जेलीचं सॅलड, कॉफी, घडीच्या खुर्च्या. विनंत्या सुरू झाल्या. कुणाचा गुडघा, कुणाच्या नातवाची परीक्षा. मग लाइलने हात वर केला.

"माझी न सांगितलेली," तो म्हणाला.

इथली रीतच तशी. ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं 'न सांगितलेली' म्हणायचं, आणि कुणी खोदून विचारायचं नाही. वेंडेलला मात्र विचारायची गरजच नव्हती. लाइलची बायको आजारी बहिणीची सेवा करायला गेलीय, असं सारी मंडळी समजत होती. ती कायमची सोडून गेलीय, हे लाइलने रडत रडत एकट्या वेंडेलला सांगितलं होतं.

वेंडेलच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचं तेवढं झाकून ठेवायला याला बरी रीत आठवते! माझं मात्र याने पोस्टापर्यंत पोचवलं. त्याच्या बायकोबद्दल एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं, तेही डोळे मिटून, प्रार्थनेच्या सुरात. कुणी बोट ठेवलं नसतं.

"लाइलसाठी," वेंडेलने प्रार्थनेला सुरुवात केली आणि तो थांबला. लाइलचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपलं गुपित समोरच्याच्या जिभेवर असलं की कसं वाटतं, ते आता त्याला कळत होतं. वेंडेलला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची किळसही आली.

"त्याच्या मनात काय आहे, ते देव जाणतो. आमेन."

सगळे कॉफीकडे वळले तसा लाइल जवळ आला. त्याचे डोळे भरले होते. "वाचवलंस गड्या. मंगळवारी येतोस ना? आणखी बरंच सांगायचंय."

"माझ्या ऑफिसात ये," वेंडेल म्हणाला. "वेळ घेऊन ये, सगळे येतात तसा. तुझं जे काही आहे ते माझ्यापाशी राहील, मी तुझा पाळक आहे."

"आणि मित्र?"

वेंडेलने घडीच्या खुर्च्या मिटायला घेतल्या.

"त्याला तू गावाला वाटून टाकलंस, लाइल."