रेघांचा तवा

सिंकखालच्या कप्प्यातून त्याने तवा ओढून बाहेर काढला, तळव्याने पुसला, तर तळवा तांबूस झाला. तवा ओट्यावर ठेवून त्याने दिवा लावला. बिडाचा, जड, चौकोनी तवा; पोटात एका दिशेने गेलेल्या उंच रेघा. रेघांच्या कडा अजून काळ्या होत्या, पण मधल्या प्रत्येक खाचेत गंज बसला होता. त्याने नखाने एक खाच कोरून पाहिली. नखाखाली विटेचा भुगा भरावा तसं झालं.

काम त्याचं लिफ्ट दुरुस्तीचं. एकतीस वर्षं तो दोरांना आणि चाकांना वंगण घालत आला होता. ओलाव्याने लोखंडाचं काय होतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण चार महिन्यांपूर्वी बायको गेली, जमलेली माणसं परतली, आणि त्या दुपारी हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्याने घरातलं प्रत्येक भांडं साबणाने घासून काढलं होतं. तवाही घासला आणि ओलाच आत सारला. पुन्हा तो कप्पा उघडलाच नव्हता.

तवा तिचा. वांग्याचे काप, मासा, पाव, कांद्याच्या चकत्या, जे हाती येईल त्यावर ती काळ्या रेघा उमटवायची आणि वाढताना म्हणायची, "घ्या, इस्त्री करून आणलंय."

आज रविवार होता आणि त्याने एक वांगं आणलं होतं. कामाच्या पिशवीतला तारेचा ब्रश काढून त्याने तवा खरवडला, विसळला, तापवला, वर तेल ओतून काप ठेवले. काप असे चिकटले की उलथन्याने ओढताना त्यांचा लगदा झाला. एक घास तोंडात घातला, तर खिळा चोखल्यासारखी चव. ताट तसंच सरकवून तो बराच वेळ ओट्याला टेकून उभा राहिला.

हे विचारावं असं एकच माणूस होतं, आणि तिला फोन करायची त्याची छाती होत नव्हती.

बायकोची थोरली बहीण. नात्याने आकडसासू, आणि तो म्हणायचा, नात्यातला 'आकड' तिने अगदी मनावर घेतलाय. पाच तासांच्या अंतरावर मुलगा-सुनेकडे राहायची. धाकटीने हाताला ग्रीस लागणाऱ्या माणसाशी लग्न केलं हे तिच्या घशाखाली कधी उतरलं नव्हतं. तीस वर्षं ती त्याला 'मिस्त्री' म्हणत आली. बायको गेली तेव्हा ती पोहोचली ती सगळं आटोपल्यावर. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मला वेळेवर कळवलं असतंत, तर मी रांगत आले असते." त्यानंतर दोघांत शब्द नव्हता.

त्याने नंबर लावला.

"ताई, मी बोलतोय."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला आणि थांबला.

"बोला, मिस्त्री."

"तिचा तो रेघांचा तवा आहे ना. गंजलाय."



"साबणाने धुतलात?"

"हो."

"आणि ओला ठेवलात."

"हो."

"शाबास!" ती म्हणाली. "आत्ता मी कामात आहे. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी तो एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनखोलीत होता तेव्हा तिचा फोन आला. जाडं मीठ घ्या, बटाटा मधोमध कापा आणि कापलेल्या बाजूने खाचाखाचांतून घासा. तारेचा ब्रश एकदाच चालेल, रोज नाही. मग कोमट पाण्याने धुवा आणि लगेच आचेवर ठेवा. फडक्याने पुसला म्हणजे वाळला असं नाही.

त्याने संध्याकाळी तसं केलं. बटाटा विटकरी होत गेला, त्याने दुसरा कापला, मग तिसरा. तवा करडा, उघडा पडला. त्याने फोन केला.

"आता काय?"

"आता... उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, तेल पाजा. त्याने पाजलं, पण मशीनला घालावं तसं सढळ हाताने, आणि तव्यावर मधासारखा चिकट थर बसला.

"तेल पाजा म्हटलं, आंघोळ घाला नाही म्हटलं!" ती म्हणाली. "लावायचं आणि मग सगळं पुसून काढायचं, जणू चुकून लागलं होतं. वरून, खालून, मुठीलासुद्धा. मग तापवायचा. धूर आला, धूर थांबला, की गॅस बंद. गार झाला की पुन्हा."

"किती वेळा?"

"काळा होईपर्यंत."

असे पंधरा-वीस दिवस गेले. कामावरून आला की कपडे बदलायच्या आधी तो तवा चढवायचा. उलथन्याच्या टोकाला फडकं गुंडाळून एकेक खाच पुसायचा. खिडकी उघडून धुराची वाट बघायचा. आणि रोज एक फोन. लिंबू पिळलेलं चालेल का? इतक्यात नको. तेल तव्याला लावायचं की कापांना? कापांना. मासा सुटत नाही. मग घाई करू नका, तो आपणहून सुटतो. माणसासारखंच आहे ते. फोन दोन-तीन मिनिटांचा असायचा. तव्यापलीकडे दोघंही एक पाऊल टाकत नव्हते. पण फोन ठेवल्यावर घर पूर्वीइतकं रिकामं वाटत नसे, आणि दुपारी दोर तपासता तपासता आज काय विचारायचं याची तो मनात जुळवाजुळव करायचा.

मग एका संध्याकाळी वांग्याचे काप नुसत्या बोटाने ढकलताच सुटून आले. खालच्या बाजूला स्वच्छ, काळ्या, सरळ रेघा. त्याने ते ताटात घेतले, खाल्ले. चव बरोबर तिची. तवा गरम पाण्याने धुतला, तापवला, पुसला. दिव्याखाली धरला तर तो मंद चमकत होता. फोन हातात घेऊन तो खुर्चीवर बसला. विचारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

तो दिवस गेला, दुसरा गेला. तिचाही फोन आला नाही. ती का करेल? तिसऱ्या संध्याकाळी त्याने सगळं आवरलं, ओटा पुसला, आणि मग नळाखाली तवा धरून त्यात दोन पेले पाणी घेतलं. तवा तसाच सिंकमध्ये ठेवून तो झोपायला गेला. सकाळी खाचांत नारिंगी ठिपके उठले होते. ते बघून त्याला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच त्याने फोन लावला.

सुनेने उचलला.

"काका, आई बाहेर गेल्यात. आता येतीलच."

"बरं. काही विशेष नाही. तव्याचं जरा—"

सून हसली. "त्याच्यासाठीच गेल्यात! तुमचा तीन दिवस फोन नाही, तर म्हणाल्या, धूर जास्त होत असेल, घाबरून वापरणं सोडलं असेल, विचारून येते. कोपऱ्यावरचा भांडीवाला आता त्यांना बघितलं की आतच जातो."

"भांडीवाला?"

"मग काय. आमच्याकडे कुठे होता असला तवा? आईंनी आयुष्यात हातात नाही धरला. तुम्ही विचारलं की त्याच्याकडे जायचं, नाहीतर मागच्या गल्लीतल्या खानावळीत. वहीत लिहून आणतात, मग तुम्हाला फोन." तिने आवाज खाली आणला. "मी सांगितलं म्हणू नका हं. मला फाडून खातील."

तो "नाही, नाही" म्हणाला आणि फोन ठेवला. कामावर जायची वेळ टळून गेली होती. तो ओट्यापाशी उभा राहिला. ती काठी टेकत, ऑपरेशन करून बसवलेल्या नव्या गुडघ्याने, भांड्यांच्या दुकानाच्या पायऱ्या चढत असेल हे त्याच्या डोळ्यांपुढून जाईना.

तासाभराने फोन वाजला.

"मिस्त्री, धुराचं ऐका. आच मोठी ठेवायची नाही. तवा हळूहळू—"

"ताई, तवा गंजलाय."

"आता कसा गंजला? रोज तेल पाजत होतात ना?"

"मीच पाणी घालून ठेवलं. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"विचारायला काही उरलं नव्हतं," तो म्हणाला.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती बसली असावी. मग म्हणाली, "बरं." तेवढंच, पण इतक्या वर्षांत ती त्याच्याशी इतक्या मऊ आवाजात बोलली नव्हती. तेवढ्यावर थांबला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. उद्या पुन्हा फोन, परवा पुन्हा. पण त्या मऊ आवाजानेच त्याचं तोंड उघडलं.

"ताई, एक सांगायचंय. तव्याचं नाही."

"बोला."

"ती म्हणाली होती, माझ्या दुखण्याचं ताईला कळवू नका. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती धावत येईल. ते खरं आहे."

"माहीत आहे. तिचा स्वभावच—"

"पुढचं ऐका. शेवटचे दहा दिवस ती रोज संध्याकाळी विचारायची, ताईचा फोन आला होता का. मी नाही म्हणायचो. ती काय मागतेय ते मला कळत होतं. न कळायला मी काही लहान नव्हतो." त्याने मोकळ्या हाताने ओट्याची कड धरली. "तुम्ही आलात की घर तुमचं होतं. ती तुमची होते. मला ते दिवस माझ्या एकट्यासाठी हवे होते. म्हणून नाही कळवलं."

पलीकडून फोन बंद झाला.

त्या दिवशी तो कामावर गेला आणि उशिरा आल्याबद्दल बोलणी खाऊन आला. संध्याकाळी मीठ आणि बटाटा घेऊन बसला. गंज वरवरचा होता, लगेच निघाला. त्याने तवा धुतला, वाळवला, तेल लावलं, जणू चुकून लागलं होतं तसं पुसून काढलं. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने स्वतः दोनदा केला, दोन्ही वेळा सुनेने उचलला आणि अवघडून म्हणाली, "आई जरा आडव्या झाल्यात." तिसऱ्यांदा करायचं त्याने सोडून दिलं. बोललो त्याचा पश्चात्ताप होतोय का, हे तो स्वतःला विचारत राहिला. होत होता. आणि नव्हताही.

तव्याचं काम मात्र त्याने सोडलं नाही. रोज काहीतरी भाजायचा, एकट्यापुरतं, आणि भाजून झालं की पुसायचा. आता ते हातच करत होते, सांगायला कुणी लागत नव्हतं.

तीन आठवडे उलटल्यावर एका संध्याकाळी फोन वाजला. सून होती.

"काका, आईंनी तसला तवा विकत आणलाय. रेघांचा. चार दिवस झाले, ओट्यावर नुसता पडलाय. पहिल्यांदा काय करायचं असतं?"

"भांडीवाल्याने सांगितलं असेल की."

"त्याला नाही विचारलं." ती घुटमळली. "तुम्हाला विचारायला सांगितलंय."

त्याने पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. सुनेच्या मागे कुणीतरी जवळच बसलेलं होतं. काठी फरशीला टेकल्याचा आवाज आला.

"आधी गरम पाण्याने धुवायचा," तो म्हणाला. "मग लगेच आचेवर. मंद. पूर्ण सुकला की तेल, अगदी थोडं."

"थोडं म्हणजे किती?" मागून आवाज आला. सुनेने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"अर्धा चमचा. फडक्याने सगळीकडे. खाचांत फडकं जात नाही, त्याला उलथन्याचं टोक घ्यायचं."

"आणि धूर किती वेळ येऊ द्यायचा, विचार."

"आई विचारतायत—"

"ऐकलं मी." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "ते असं फोनवर सांगता येत नाही. बघावं लागतं. धुराचा रंग बदलतो."

सुनेने फोनवर हात ठेवला असावा. दोघींची कुजबुज पाण्याखालून यावी तशी येत राहिली.

"काका," ती परत आली, "तुम्हाला रविवारी सुट्टी असते ना, असं आई—"

"शनिवार म्हण," मागून खणखणीत आवाज आला. "रविवारी बसला गर्दी असते."

शनिवारी त्याची पाळी होती. गेल्या एकतीस वर्षांत त्याने कधी पाळी बदलून मागितली नव्हती, त्यामुळे कुणाला आणि काय म्हणून सांगायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"शनिवारी येतो," तो म्हणाला.