वय एकोणीस

"अक्का, आज एकदा म्हना की, घरी पोचला म्हनून."

मैंदर्गी गावची तानाबाई दुपारपासून स्टुडिओच्या दाराशी स्टुलावर बसून होती. सिद्धेश्वरीने बातम्यांचे कागद खाली ठेवले.

"सापडला का कल्लप्पा?"

"न्हाय. पर आमची अव्वा, माजी आई, नव्वदीची झाली. माज्या भावाच्या नावासाठनं रोज साडेसातला टीव्हीम्होरं बसती. उद्यापासनं तुमचं च्यानेलच बंद म्हनं. एकदा ऐकंल आन सुटंल बिचारी."



तीस वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन सिद्धेश्वरी सात रस्ता चौकातल्या या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आली. शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या केबलवर बातम्या वाचणारी ती पहिली बाई. पहिल्याच महिन्यात तिने मालकांकडून बातम्यांच्या शेवटची दोन मिनिटं मागून घेतली, हरवलेल्या माणसांसाठी. कुणी सापडलं की घरचे त्याला घेऊन, नारळ घेऊन यायचे. माणूस डोळ्यांनी पाहिला की मगच ती वाचायची, 'घरी पोचले'. ज्यांना न्यायला कुणी नसे, त्यांना ती स्वतः सोडून यायची. एकदा एका आजोबांना घेऊन करमाळ्यापर्यंत गेली होती.

कल्लप्पा जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत हरवला. दर जानेवारीत तानाबाई यायची आणि फायलीतून तोच कागद निघायचा.

"मावशी, शेवटचं बुलेटिन हाय," मालकांचा मुलगा पृथ्वीराज कॅमेऱ्यामागून म्हणाला. "गोड करून टाका की. कोण तपासायला येतंय?"

"मी."

"घ्या! फिजिक्सवाल्या बाई," तो हसला. "पाच मिनिटं राहिलीत."

तानाबाईने तोंडाला पदर लावला. तिच्याकडे न बघता सिद्धेश्वरीने फाईल उघडली. कागद पिवळा पडला होता. नाव कल्लप्पा. वय एकोणीस.

तिचं बोट तिथंच थांबलं.

अठ्ठावीस वर्षं तिने हेच वाचलं होतं. अठ्ठावीस वर्षं गावोगावचे लोक एका एकोणीस वर्षांच्या पोराला शोधत होते. तसा पोरगा आता कुठंच नव्हता. साधी बेरीज होती आणि तीच तिने केली नव्हती.

"तानाबाई, चूक झाली माझी," ती म्हणाली आणि आकडा खोडला.

शेवटची दोन मिनिटं आली. "कल्लप्पा, राहणार मैंदर्गी. वय सत्तेचाळीस. उजव्या भुवईवर जखमेची खूण. अद्याप घरी पोचलेले नाहीत. माहिती मिळाल्यास..." खाली ऑफिसचा नंबर होता. तो उद्यापासून लागणार नव्हता. तिने स्वतःचा मोबाइल नंबर सांगितला. दोनदा, सावकाश.

बुलेटिन संपलं. तानाबाई पिशवी उचलून जिन्याकडे निघाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती पायरीवरच उभी राहून ऐकू लागली.

"अव्वा हाय," ती वळून म्हणाली. "म्हनती, सत्तेचाळीस? मग केसं पिकली आसतील की त्याची. त्ये बी लिवा म्हनती कागदावर. न्हायतर लोकं वळखायची कशी?"

पृथ्वीराज एकेक दिवा मालवत होता. "एक राहू दे रे," म्हणत सिद्धेश्वरीने पेन घेतलं. टोक कागदावर टेकवून ती थांबली.

"तुमच्या वडिलांचे केस कधी पिकले होते?"

तानाबाई पायरी चढून परत वर आली. "लई लवकर. चाळिशीतच."

"कुठून? कानाजवळून, की पुढून?"

"कानाजवळनं," तानाबाई म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

सिद्धेश्वरीने कागदावर तसं लिहिलं. चॅनेल नसलं, तरी हा कागद ती सकाळी एस.टी. स्टँडवर लावणार होती.