सातवा किल्ला

एरास्तोने व्हिडिओ गेमच्या कपाटाची मागची फळी उतरवली आणि मीटर काढायच्या आधी नाकच आत घातलं. जळकट वास पॉवर सप्लायमधूनच येत होता. चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाला खरं तर एवढं पुरे होतं. तरी रीत म्हणून त्याने मीटरच्या तारा टेकवून पाहिल्या, काटा जागचा हलला नाही, आणि मग तो कण्हत कण्हत जमिनीवर बसला.

"पॉवर सप्लाय गेलाय, कोमाद्रे. पण खेळ शाबूत आहे."

ओब्दुलिया गल्ल्यामागे उद्याचे तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके, गुंडाळायला मक्याची पानं भिजत घालत होती. तिने ओल्या हातानेच छातीवर क्रूस काढला.

"उद्यापर्यंत होईल?"

"संध्याकाळपर्यंत होईल."

उद्या सांता आनाचा सण. ओरिसाबाच्या त्या खालच्या वस्तीत मिरवणूक चर्चला परतली की सगळे लोक ओब्दुलियाच्या किराणा दुकानासमोर गोळा व्हायचे, आणि कोपऱ्यातल्या व्हिडिओ गेमच्या कपाटासमोर तिचा नवरा फिदेन्सियो उभा राहायचा. एका नाण्यात तो अख्खा खेळ संपवून दाखवायचा. सहा किल्ले सर करून खेळातला शिलेदार सातव्यात शिरला की समोर दोन तोंडांचा साप. साप मेला की कानठळ्या बसवणारा आवाज, पडदा पांढराफेक, मग काळा. खेळ खलास. ओब्दुलिया दारावरची घंटा वाजवणार आणि तामाले वाटायला सुरुवात. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. पडद्यावरची अक्षरं जपानी असल्यामुळे खेळात काय लिहिलंय ते वस्तीत कुणालाच कळत नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं.

तो साप दुसऱ्या कुणालाही कधी मारता आला नाही. एरास्तोची धाव सहाव्या किल्ल्यापर्यंत, आणि फिदेन्सियो त्याला त्यावरून वर्षभर टोमणे मारायचा. एरास्तोच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला फिदेन्सियो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. तेव्हापासून ओब्दुलिया एरास्तोची 'कोमाद्रे' झाली, आणि दोघं पुरुष एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत आणि एकमेकांची टर उडवायची एक संधी सोडत नसत.

यंदा मात्र टोमणे बंद पडले होते. मार्चमध्ये कापड गिरणीला टाळं लागलं, आणि चाळीस वर्षं पहाटे पाचला उठलेला माणूस दुपारी बारापर्यंत अंथरुणात पडून राहू लागला. आत्ताही तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपला होता. ओब्दुलिया गल्ल्यामागून उठून एरास्तोच्या शेजारी आली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"दोन आठवडे मशीन बंद आहे, पण हा एकदाही काही बोलला नाही. उद्याचा खेळ झाला नाही ना, कोंपाद्रे, तर याच्याकडे स्वतःचं असं काही उरत नाही."

एरास्तोने मान डोलावली आणि कामाला लागला. जुन्या सप्लायची एक तार सोडवायची, तिला चिकटपट्टी लावून खूण करायची, मग दुसरी. शेवटची तार निघाली तेव्हा त्याने तो पत्र्याचा डबा बाहेर ओढून वरची धूळ पुसली. खाली त्याच्याच अक्षरात एकतीस वर्षांपूर्वीचं साल लिहिलेलं होतं, आणि साल लिहून पुढे, 'तात्पुरता'. मग त्याला आठवलं. या मशीनला हवा तो सप्लाय राजधानीहून यायला महिना लागणार होता, म्हणून त्याने दुसऱ्या एका मोडक्या मशीनमधला, निम्म्या ताकदीचा, काढून इथे बसवला होता. महिना झाला, वर्ष झालं, आणि मशीन चालतंय म्हटल्यावर तो विसरूनही गेला. त्याला जरा लाज वाटली.

आता असे सप्लाय गावातच मिळत; तासाभरात त्याने नवा आणून बसवला. त्यावर व्होल्टेज कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू होता, तो फिरवून एरास्तोने काटा बरोबर पाचावर आणला. पडदा उजळला. ओब्दुलिया तोवर सणाच्या तयारीला चर्चकडे गेली होती. आता ताण पडल्यावर हा टिकतो का, ते बघायला हवं, म्हणून त्याने आतली एक खटकी सरकवून शिलेदाराला तीनऐवजी पाच जीव दिले आणि खेळायला उभा राहिला. चौथा जीव गेला तेव्हा तो सातव्या किल्ल्यात होता. पाचव्या जिवावर त्याने साप मारला.

आयुष्यात पहिल्यांदा. 'कोंपाद्रे' अशी हाक मारायला त्याने तोंड उघडलं. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, पडदा पांढराफेक झाला, आणि मग काळा झालाच नाही. निळा झाला. कधी न ऐकलेलं संगीत सुरू झालं, आणि शिलेदार तलवार पाठीला बांधून खोल पाण्यात हातपाय मारू लागला.

एरास्तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. शिलेदार बुडाला.

मग त्याला सगळा उलगडा झाला. साप फुटतानाच्या त्या आवाजाला आणि उजेडाला वीज जास्त लागते. दुबळ्या सप्लायला तेवढी झेपत नव्हती, म्हणून मशीन तिथेच मान टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. खेळ तिथे संपत नव्हताच. वस्तीने ज्याच्यासाठी एकतीस वर्षं घंटा वाजवली तो शेवट एरास्तोच्या आळसाने घडवलेला होता.

त्याने मागच्या खोलीकडे पाहिलं. गिरणी गेली ती गेलीच, आता हेही आपणच त्याच्याकडून काढून घ्यायचं? त्याचं मन धजेना. त्याने स्क्रू डावीकडे फिरवला, अगदी थोडा. मग दोन तास खपून पुन्हा सापापर्यंत पोचला आणि पुन्हा त्याला मारलं. पडदा पांढरा झाला, मग काळा. एरास्तोने जीव पुन्हा तीनवर आणले आणि फळी लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मिरवणूक परतली. आकाशात दारूचे बाण फुटत होते, बँडवाले घाम पुसत दुकानाच्या सावलीला आले, आणि फिदेन्सियो इस्त्रीचा शर्ट घालून मशीनसमोर उभा राहिला. एका नाण्यात, एकही जीव न गमावता, त्याने सातवा किल्ला गाठला. साप फुटला, पडदा काळा झाला, ओब्दुलियाने घंटा वाजवली. सगळ्यांत जोरात टाळ्या एरास्तोच्या होत्या.

फिदेन्सियो चार हात मिळवून बाहेर आला आणि एरास्तोच्या शेजारी उलट्या क्रेटवर बसला. हातातला तामाल त्याने सोलला नाही.

"पुढच्या वर्षी तू खेळ, कोंपाद्रे."

"मी? माझी अक्कल सहाव्या किल्ल्यापर्यंत, असं तूच म्हणतोस."

"तो साप कधी कुठे सरकतो ते मला डोळे मिटूनही कळतं. दहा वर्षं झाली, जिंकल्यावर काहीच वाटत नाही. आता तर..." त्याने हातातला तामाल फिरवला. "संपलेलं किती वेळा संपवायचं माणसाने?"

एरास्तोने हातातला तामाल खाली ठेवला. त्याला वाटलं होतं आपण मित्राचं काहीतरी राखतोय. त्याने कॉफीचा घोट घेतला आणि जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं. निम्म्या ताकदीचा सप्लाय, डब्यावरचं साल, निळं पाणी, काल संध्याकाळी फिरवलेला स्क्रू, काहीच लपवलं नाही.

"म्हणजे एकतीस वर्षं मी तुझ्या आळसावर जिंकत होतो."

"हो."

"आणि काल तू ते मुद्दाम पुन्हा तसंच करून ठेवलंस."

"हो."

"गाढव आहेस," फिदेन्सियो म्हणाला.

मग तो तोंड फिरवून रस्त्याकडे बघू लागला. एरास्तोच्या मनात आलं, संपली आपली मैत्री. बँडवाल्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं होतं.

"पाण्यात काय आहे?" फिदेन्सियोने विचारलं.

"मला काय माहीत? मी बुडालो."

फिदेन्सियो उठून आत मशीनकडे गेला. एरास्तोही उठला, मागची फळी काढून त्याने स्क्रू उजवीकडे फिरवला आणि काटा पाचावर आणला. सणाच्या दिवशी मशीन उघडलेलं बघून लोक तामाले हातात घेऊनच जवळ सरकले. फिदेन्सियोने नाणं टाकलं. सातव्या किल्ल्यात साप फुटला, पडदा पांढरा झाला, ओब्दुलियाचा हात सवयीने घंटेकडे गेला आणि तिथेच थांबला. पडदा निळा झाला होता.

फिदेन्सियोला पोहताच येत नव्हतं. कुठली कळ दाबली की शिलेदार वर येतो, तेच त्याला कळेना. अर्ध्या मिनिटात एका फालतू माशाने शिलेदाराला गिळलं. दुसरा जीव त्याहून लवकर गेला, आणि तिसऱ्याचं तर काय झालं तेही कुणाला दिसलं नाही. सगळ्या वस्तीदेखत, भर सणाला, फिदेन्सियो हरला.

तो पडद्यावर वाकून उभाच राहिला. मागून एरास्तोला त्याचे फक्त कान दिसत होते, आणि ते लालबुंद झाले होते.

"ओब्दुलिया," पडद्यावरची नजर न काढता फिदेन्सियोने विचारलं, "तू सकाळी दुकान किती वाजता उघडतेस?"

"सातला."

"चावी माझ्याकडे दे. उद्या मी उघडतो."