झुंबरबाईंची चूल

यावलजवळच्या आमच्या गावात सोवळेओवळे पाळावे ते झुंबरबाईंनी. सून बेबाबाई बाहेर बसली की तिची सावली चुलीवर पडू नये, केळीच्या बागेत तिने पाऊल टाकू नये, हा त्या घरचा निर्बंध. कुलाचार म्हणून झुंबरबाईंनी तो जन्मभर निष्ठेने सांभाळला, आणि नव्वद साली तो त्यांच्यावरच उलटला. बेबाबाईचा विटाळ थांबेचना. होळी गेली, अक्षय्यतृतीयेची आखाजी गेली; सून ओसरीच्या कोपऱ्यात आणि वृद्ध सासूबाई चुलीच्या धुरात.

"चुलीकडे फिरकू नको," असे बजावून त्या सुनेचे ताट दुरूनच सरकवीत. सून पांढरीफटक पडत चालली होती. पण ते इतक्या दुरून कोणाला दिसणार?

एके सकाळी ती घेरी येऊन कोसळली, तेव्हा पितांबरने बायकोला जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी तपासून सांगितले, की गर्भपिशवीत मांसाचा कोंब वाढून तोंडाशी लोंबतो आहे. भूल देऊन तेवढाच काढू, आतून खरवडून घेऊ, निघेल ते तपासायला पाठवू. पिशवी काढण्याचे कारण नाही.

झुंबरबाईंना हे रुचले नाही. शेजारच्या सुनंदाबाईने पिशवी काढल्यापासून ती बारा महिने चुलीपाशी असते, हा दाखला त्यांच्यापाशी तयार होता.

"पिशवीच काढून टाक रे पितांबर. विटाय नाही अन् कटकट नाही. मी आजून किती भाकरी थापू?"

पितांबरलाही ते पटले. बेबाबाईला एकच मुलगी. आणखी एक मूल व्हावे ही तिची आस घरात सर्वांना ठाऊक होती. परंतु कोपऱ्यात बसलेल्या माणसाचे मत विचारण्याची तेथे रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पितांबर विळा घेऊन बागेत गेला. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिले घडाचा रस ओढतात, म्हणून ती वरचेवर कापावी लागतात. तो वाकून कापत होता, तोच बेबाबाई निर्बंध मोडून सरळ बागेत आली आणि केळीला हात टेकून उभी राहिली.

"पील कापता, तं खोडबी उपटता का?"

"खोड कायले उपटू? मंग घड कोठून येईन?"

"मंग माह्यंच खोड कायले उपटता?"

पितांबरने विळा केळीच्या बुंध्याशी ठेवला. घरी येऊन त्याने आईला एवढेच सांगितले, की डॉक्टरीणबाई म्हणतात तसेच होईल. सून बागेत शिरल्याचे कळताच झुंबरबाईंनी केळी करपणार असे भाकीत केले. केळीने ते मनावर घेतले नाही.

कोंब निघाला, तपासणीत वावगे काही आढळले नाही. बेबाबाई चुलीपुढे बसली. पुढे ती वेळच्या वेळी बाहेर बसून चौथ्या दिवशी न्हाऊ लागली, तेव्हा आमच्या सुनेचा विटाळ कसा शास्त्राप्रमाणे आहे, हे झुंबरबाई गल्लीभर सांगत हिंडल्या. दिवाळीनंतर मात्र ती बाहेर बसेना. सासूबाईंना वाटले, देवाने अखेर ऐकले. आता सून अखंड चुलीपाशी.

मग एका सकाळी फोडणीचा वास येताच बेबाबाई तोंडाला पदर लावून परसात धावली. झुंबरबाई दारातून बघत राहिल्या. ती परतल्यावर त्यांनी तिच्या हातातले उलथणे काढून घेतले आणि पदर खोचला.

"बस तठी ओसरीत. चुलीकडे फिरकू नको."

कोपरा तोच होता, वाक्यही तेच. ताट मात्र त्या दिवशी त्यांनी दुरून सरकवले नाही.