उजव्या कोपराचं ठिगळ

माझ्या दुकानात पँटी आखूड होतात, कोट सैल होतात आणि चेनी बदलून मिळतात. याखेरीज गेली दहा वर्षं एक काम हमखास येतं. काळं जाकीट, डाव्या कोपरावर चॉकलेटी ठिगळ. आणणारा पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, आणि ठिगळ नवंकोरं असूनही त्याला ते जुनं दिसायला हवं असतं. "ताई, कमरेत चार बोटं सैल करा, पण ठिगळाला हात लावू नका," असं दुसऱ्या खेपेला बजावून जातो.

हे सगळे एका बँडचे चाहते, आणि ते मूळ ठिगळ माझ्या दादाचं. दादा त्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. पहिल्या चार रेकॉर्डवर तोच आहे. मग तो गेला, त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली. ठिगळ मीच लावलं होतं, उजव्या कोपराला, कारण दादा सदानकदा त्याच कोपरावर रेलून बसायचा. चौथ्या रेकॉर्डच्या वेष्टनावर चौघांचा पाठमोरा फोटो आहे. छापखान्यात तो उलटा छापला गेला आणि ठिगळ डावीकडे गेलं. मी कोण हे न सांगता एका गिऱ्हाइकाला एवढंच सांगून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, शिवणकामात तुमचा हात कोण धरणार! पण या विषयात आम्ही तीस वर्षं घातलीत." तेव्हापासून मी मूग गिळून डावीकडे ठिगळं लावते.

तो हे सांगत होता तेव्हा दादा मागच्या टेबलावर त्याच्याच पँटीला काजं करत होता. टक्कल पडलेलं, चष्मा नाकावर. पण यांचा दादा म्हणजे खांद्यापर्यंत केस असलेला आणि पाठमोरा. समोरून कोण ओळखणार?

दादा का गेला यावर या लोकांच्या घरांत भांडणं होतात म्हणे. कोणी म्हणतो गायकाशी बाईवरून बिनसलं, कोणी म्हणतो तो शांततेच्या शोधात डोंगरात गेला. सुतावरून स्वर्ग गाठणारी मंडळी! खरी गोष्ट दोन ओळींची आहे. बाबांचं अर्धं अंग गेलं, म्हणून दादा आठ महिन्यांची रजा घेऊन घरी आला. पाचव्या महिन्यात बाबांची औषधं घेऊन येताना त्याला भिंतीवर बँडचं पोस्टर दिसलं आणि त्यात त्याच्या जागी दुसराच माणूस हसत होता. कोणी त्याला कळवलंही नव्हतं. औषधं वेळेवर घरी आली, एवढं मला आठवतं.

या वर्षी बँडला चाळीस वर्षं झाली आणि गायकाचा फोन आला. एका संध्याकाळसाठी मूळचे चौघं मंचावर उभे करू, म्हणाला. फक्त चाहत्यांमध्ये फाटाफूट नको, म्हणून व्यवस्थापकाने चाहत्यांच्या संघाचं लेखी मत मागवलंय. "फॉर्मॅलिटी रे. ते तर तुला देवच मानतात."

दादा फोन ठेवून पाच मिनिटं नुसता चेनींच्या डब्याकडे बघत बसला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक ते तीन, दुकान बंद असताना, मागच्या खोलीतून बेसचा आवाज यायला लागला. वाजवण्याआधी तो कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायचा. पहिला आठवडा ऐकवत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात माझं मशीन आपोआप थांबलं. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस शीळ घालत भाजी आणायला जातो, याचा मला किती आनंद झाला ते मी त्याला सांगितलं नाही. डोक्यावर चढला असता.

मग संघाचा सचिव पत्ता शोधत आला. हा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. पत्त्यावर पोचला तर आपलंच आल्टरेशनचं दुकान! सहा वर्षं त्याच्या जाकिटाची चेन प्रत्यक्ष खर्जसम्राट बदलत होता. (खर्जसम्राट हे दादाचं संघातलं नाव. घरातलं इथे लिहिण्यासारखं नाही.) सचिव ढसाढसा रडला. आमचे दोन हातरुमाल संपले, शिवाय गिऱ्हाइकाचा एक.

रविवारी सकाळी सभा ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात होती. भिंतींवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, आणि एकतीस माणसं. त्यातल्या एकोणतीस जणांच्या अंगावर मी शिवलेली डावी ठिगळं. समोर, मधोमध, एक रिकामी खुर्ची होती. संघाचा रिवाज असा की दर सभेत खर्जसम्राटाची खुर्ची रिकामी ठेवायची.

दादा आत आला तसे सगळे उठले. टाळ्या थांबेचनात. सचिवाने त्याला जागच्या जागी संघाचं आजीव सभासदत्व दिलं. दादाचे गुडघे कुरकुरत होते. तो हसून त्या रिकाम्या खुर्चीकडे वळला.

"अं, गुरू, तिथे नको," सचिव हळूच म्हणाला. "ती तुमची खुर्ची आहे. तिच्यावर कोणी बसत नाही."

बाकीच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. भक्तिभावामुळे कोणाला उठायचं सुचलं नाही. मला दाराशी स्टूल मिळालं होतं. ते मी देऊ केलं तर दादाने मानेनेच नको म्हटलं. मग तो 'हॉर्न वाजवू नका' या पाटीखाली दोन तास उभा राहिला.

पहिला तास खरा संच कोणता यावर गेला. विरोधी पक्ष म्हणजे एकटा दातांचा डॉक्टर. त्याचं म्हणणं, बँडच्या सगळ्यात खपलेल्या रेकॉर्डवर दुसराच बेसवाला आहे, तेव्हा खरा संच तोच. त्यावर जी बोंबाबोंब झाली! एक निवृत्त कारकून म्हणाला, "हा माणूस दातांच्या मुळाशी जातो, पण सुरांच्या जाणार नाही." मग चौथ्या रेकॉर्डवरच्या तिसऱ्या गाण्यातल्या चार ठोक्यांच्या शांततेचा विषय निघाला. एका गटाच्या मते तो आईचा शोक, दुसऱ्याच्या मते युद्धाचा निषेध.

"खर्जसम्राट स्वतःच हजर आहेत," सचिव म्हणाला. "गुरू, सांगा."

"पट्टा सुटला होता," दादा म्हणाला. "गिटार खाली पडत होती. ती धरेपर्यंत चार ठोके गेले."

 मग खोलीभर कौतुकाचं हसू पसरलं. "केवढा हा विनय!" कारकून म्हणाला, आणि शोकवाले आणि निषेधवाले पुन्हा जुंपले. खुद्द दादाने सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

मग ठराव आला. खर्जसम्राटाने मंचावर परतावं का? सचिव उठला. मला वाटलं, आता हा दादाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणार आणि दोन मिनिटांत काम होणार. माणूस बोलला मात्र सुंदर. मी सतरा वर्षांचा होतो, म्हणाला, वडील रोज मारायचे. मी पलंगाखाली रेडिओ घेऊन झोपायचो, आणि सगळी वाद्यं विरून गेली तरी हा खर्ज फरशीतून अंगात यायचा. वाटायचं, कोणीतरी आपल्याला खालून धरून ठेवलंय.  माझेही डोळे भरले.

"तो माणूस गेला," सचिव म्हणाला, "आणि त्याची जागा कोणी भरू शकलं नाही. आपला संघ उभा आहे तो त्या रिकाम्या जागेवर. ती कोणीही भरता कामा नये. क्षमा करा गुरू, पण तुम्हीसुद्धा."

पुन्हा टाळ्या. मी उठून ओरडले, "अहो, तुमच्या पाठीमागे उभा आहे तो!" सचिव माझ्याकडे वळून अतिशय नम्रपणे म्हणाला, "ताई, तुम्ही सभासद नाही."

हात वर करायला सांगितले. परतावं या बाजूने एकच हात आला, डॉक्टरचा. "येऊ द्या की," तो म्हणाला. "तसाही त्याच्यामुळे काही फरक पडत नव्हता." ज्याने कधी दादाला मोजलं नाही, तोच एकटा त्याला बोलवत होता. मग विरोधातले हात. सचिवाने मोजले तीस, पुन्हा मोजले एकतीस. पाटीखाली दादाचा हात वर होता.

चौकापर्यंत मी तरातरा पुढे चालत गेले. मग तोंड सुटलं. "महिनाभर बोटं भिजवलीस ती यासाठी? अरे, लाज नाही वाटत स्वतःविरुद्ध हात वर करायला?"

"तू ऐकलंस ना छोटे, तो काय म्हणाला?" दादा म्हणाला. "फरशीतून यायचा म्हणे. खालून धरून ठेवायचा." थोडं चालून तो म्हणाला, "तो चांगला वाजवायचा गं. मी तिथे जाऊन त्याची माती कशाला करू?"

"तो तूच होतास, मूर्खा!" मी म्हटलं. रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. दादाने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही घरी आलो.

सोमवारी दुकान उघडताच सचिव हजर. आता खुर्चीवर मूळ जाकीट टाकायचं ठरलंय, म्हणाला, म्हणजे जागा आणखी जिवंत वाटेल. मी हाकलूनच देणार होते, पण दादा ट्रंक उघडून जाकीट घेऊन आला. सचिवाने दोन्ही हातांनी ते घेतलं, उलटंपालटं केलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"ठिगळ उजवीकडे आहे."

"उजवीकडेच होतं," मी म्हटलं. "मी लावलंय. सुई बोटात गेली होती."

"असेल ताई. पण हे बहुतेक नंतरचं जाकीट असावं. सभासद मान्य करणार नाहीत." तो संकोचाने जाकिटाची घडी घालायला लागला.

"बसा जरा," दादा म्हणाला. "शिवताना चूक झाली असेल." आणि स्टूल सरकवून त्याने सचिवाला खरंच बसवलं.

मग त्याने छोटी कात्री घेतली आणि माझा एकेक टाका उसवला. टाके बारीक होते. तेव्हा मी पोर होते, शिवणकाम नवीन होतं, पण भावाचं जाकीट म्हणून जीव ओतला होता. ठिगळ निघालं तसं त्याने ते डाव्या कोपराच्या धडधाकट कापडावर ठेवलं, टाचण्या लावल्या आणि माझ्याच मशीनवर सरळ टीप मारली. सचिवाने डोळे पुसले. "आता अगदी तेच," तो म्हणाला, आणि जाकीट छातीशी धरून निघाला.

दारातून जाताना त्याची उजवी बाही लोंबत होती. कोपरावरचं भोक मला रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत राहिलं.