पिक्चरमध्ये नसलेला सीन

आधी माफी मागून घेतो. माझे हात पुठ्ठ्याचे आहेत, म्हणून माझी ही हकिकत प्रीतम लिहितोय. त्याने नववीत शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते त्याचं, आणि शब्द फार साधे वाटले तर ते माझे. मला राक्षस म्हणून छापलं होतं, लेखक म्हणून नाही.

मी चिखल्या. म्हणजे सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये जिन्याजवळ उभा असलेला चिखल्याचा पुठ्ठा. उंची साडेसहा फूट, पंजे पुढे, तोंड उघडं. पाठीमागून मी अगदी कोरा आहे.

दलदलीतून निघून गावंच्या गावं खाणाऱ्या राक्षसाचा एक पिक्चर साठ वर्षांपूर्वी आला होता. नागपुरात तो हिंदीत लागला आणि इथल्या पोरांनी राक्षसाचं नाव चिखल्या ठेवलं. रबराचा सूट घालून एक माणूस डुलत डुलत चालायचा, आणि त्याच्या पाठीवरची चेन दिसायची. आता शेकडो कोटी खर्चून तोच पिक्चर नव्याने काढला. चेन गेली. अंगावरचा चिखल कॉम्प्युटरवर बनवला. या नव्या चिखल्याची जाहिरात म्हणून माझा जन्म झाला.

एका खोक्यातून मी तीन तुकड्यांत आलो. प्रीतमने मला जोडलं. पहिल्यांदा माझं डोकं पोटाच्या जागी बसलं होतं, पण कोणी पाहायच्या आत त्याने ते दुरुस्त केलं. प्रीतम हॉलच्या दारावर टॉर्च घेऊन उभा असतो. इतका लाजाळू, की लोकांना 'उजवीकडे जा' म्हणत नाही, टॉर्च उजवीकडे वळवतो.

माझी इच्छा एकच होती. कोणीतरी मला घाबरावं. राक्षसाने दुसरं काय मागावं? पण लोक माझ्या पंज्यावर हेल्मेट अडकवून पॉपकॉर्न आणायला जायचे. एका बाईने मला पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सकाळी उठता ना, तवा असेच दिसता." त्यानेही हसून माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सेल्फी काढला.

त्यात मॅनेजर रुपरावसाहेब सिंधूताईंना म्हणाले ते मी ऐकलं, "शुक्रवारी नवीन पिक्चर लागते. याले भंगारात देऊन टाका." सिंधूताई टॉकीजची साफसफाई करतात. त्यांनी फडक्याने माझं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बरं." माझ्याजवळ एवढाच आठवडा होता.

शो सुटला की लोक माझ्यासमोरच उभे राहून मतं द्यायचे.

"साऊंड जबरदस्त आहे बे, पण स्टोरी कुठी आहे?"

"जुन्यात भेव वाटे. यात मले झोप आली."

"तू जुना पाहिला?"

"नाही. पण जुना तो जुनाच."

एकाला नवा चिखल्या फार हिरवा वाटला, दुसऱ्याला कमी हिरवा. एक गृहस्थ तर तिकीट काढायच्या आधीच नाराज होते.

रविवारी दत्तोपंत आले. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, चष्मा. सोबत पत्नी प्रेमलताबाई आणि कॉलेजात शिकणारा नातू आर्यन. लहानपणी जुना चिखल्या पाहून दत्तोपंत म्हणे खुर्चीखाली लपले होते. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. "हा काय चिखल्या? हा तर जिममध्ये जाऊन आलेला दिसतो." मला फार लागलं ते.

पिक्चर अर्धा झाला असेल. कोणीतरी जिन्यावर कोल्ड्रिंक सांडलं. फरशी पुसायची म्हणून सिंधूताईंनी मला उचललं आणि पुरुषांच्या बाथरूमसमोर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं. दत्तोपंत तोंड धुऊन बाहेर आले. चष्मा हातात, डोळ्यांत पाणी. समोर मी.

त्यांनी केलेला आवाज माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गोड संगीत आहे. त्या वयात माणूस इतका जोरात पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. ते प्रीतमच्या बाजूने हॉलमध्ये शिरले, आणि टॉर्च कुठे दाखवावा हे प्रीतमलाही सुचलं नाही. मग सिंधूताईंनी मला पुन्हा जिन्याजवळ नेऊन ठेवलं.

शो सुटल्यावर पिंकी माइक घेऊन उभीच होती. मोबाइलवर तिचं चॅनल आहे, आणि लोकांची मतं घेणं हा तिचा धंदा.

"आबा, कसा वाटला पिक्चर?"

"ठीक आहे. हा चिखल्या धावतो फार. जुना सावकाश यायचा, म्हणून भीती वाटायची." दत्तोपंतांनी चष्मा वर सरकवला. "पण तो बाथरूमसमोर उभा होता ना, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली."

"आबा, काहीही काय," आर्यन म्हणाला. "असा सीनच नाही पिक्चरमध्ये."

"सीन नाही म्हणत मी. मी बाहेर आलो, तर समोर उभा."

आर्यनने आजीकडे पाहिलं. प्रेमलताबाई हळूच म्हणाल्या, "हे परवा गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते." आर्यनने मग आबांचा हात धरून त्यांना दाराकडे नेलं.

पिंकीने पुढचं सगळं कापलं आणि फक्त धारण बसल्याचं वाक्य ठेवलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या नागपुराने ते पाहिलं, आणि मग गंमत सुरू झाली. जो तो मला टेकून त्याच सीनबद्दल बोलू लागला.

"बाथरूमवाला सीन पाहिला का गा?"

"पाहिला ना. नळातून चिखल येते तोच ना?"

"हौ, अन् मग आरशात त्याचं तोंड दिसते."

"मले तर नाही दिसला."

"तू लेट आला असशील. पहिल्या दिवशी होता, मग कापला."

एक जण तर म्हणाला, जुन्या पिक्चरमधला बाथरूमचा सीन यापेक्षा भारी होता. जुन्यात चिखल्या दलदल सोडून कुठेच जात नाही. काही लोक पैसे परत मागायला रुपरावसाहेबांकडे गेले. साहेब गंभीरपणे म्हणाले, "सीन लहान आहे. तुम्ही डोळे मिटले असतील." लोक पुन्हा तिकीट काढून आत गेले.

हसू येत होतं, पण आतून जळतही होतो. घाबरवलं मी, आणि नाव पिक्चरचं झालं.

गुरुवारी दुपारी दत्तोपंत एकटेच आले. शो चालू होता, बाहेर प्रीतम आणि मी.

"बाळ, एक विचारू? हसू नकोस," ते म्हणाले. "त्या दिवशी बाथरूमसमोर मी काहीतरी पाहिलं होतं. गावभर लोक म्हणून राहिले, आम्हीही पाहिलं. माझ्या घरचे तेवढे म्हणतात, तुम्हाला भास होतात. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहेत. एकट्याने बाहेर जाणंही बंद केलं. आज केस कापायला जातो सांगून मेट्रोने आलो."

त्यांच्या डोक्यावर केस फारसे नव्हते. घरच्यांनी कसं सोडलं कोण जाणे.

"आता माझीच खात्री नाही राहिली," ते म्हणाले.

प्रीतमने सवयीप्रमाणे टॉर्च माझ्यावर मारला.

"हा तर जिन्याजवळ असतो," दत्तोपंत म्हणाले. "मी येताना पाहिला होता."

आता टॉर्चने भागणार नव्हतं. प्रीतमचे कान लाल झाले. त्याने दोनदा घसा साफ केला.

"आबाजी, त्या दिवशी सिंधूताईनं याले बाथरूमपाशी ठेवलं होतं. फरशी पुसाची होती. मी पाहिलं. तुम्ही पळाले तेबी पाहिलं."

दत्तोपंतांनी आधी बाथरूमकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाले, "म्हणजे मी खरोखर घाबरलो होतो?"

"लय जोरात, आबाजी."

मेंदू शाबूत असल्याचा इतका आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. ते माझ्याजवळ आले, चष्मा पुसून मला नीट पाहिलं आणि माझा पंजा धरला. "तू होतास का गा," ते म्हणाले. त्या पंज्यावर तोवर फक्त हेल्मेट अडकली होती.

मग त्यांनी प्रीतमच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तो तसाच रुपरावसाहेबांकडे गेला. "साहेब, हा चिखल्या मले देता का?"

"काय करशील बे?"

"एकाच्या घरी न्यायचा हाय."

"त्याच्या बायकोले विचारलं का?"

"आबाजी म्हणते, तिले मी सांभाळतो."

"मग ने. भंगारवाल्याचा फेरा वाचला."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीतम मला ऑटोत घालून धंतोलीत दत्तोपंतांच्या घरी गेला. माझं डोकं बाहेर होतं आणि रस्त्यावरची कुत्री मला पाहून भुंकत होती. दत्तोपंतांनी ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. आत नळाचा आवाज येत होता. आर्यन आंघोळ करत होता. प्रीतमने मला बाथरूमच्या दारासमोर उभं केलं आणि पॅसेजचा दिवा बंद केला.

प्रेमलताबाई चहा घेऊन आल्या. "हे काय आणलं?"

"साक्षीदार," दत्तोपंत म्हणाले.

नळ बंद झाला. दार उघडलं. घरभर एक किंकाळी फिरली, दार धाडकन लागलं आणि आतून कडी बसली.

दत्तोपंत शांतपणे उठले. चहाचा चमचा माइकसारखा दाराच्या फटीजवळ धरला. "आर्यन, कसा वाटला पिक्चर?"

आतून आवाज आला, "आबा, तुमचा सीन आहे. मानलं. आता हटवा ना त्याला."

प्रेमलताबाई हसता हसता खुर्चीत बसल्या. मग डोळे पुसले, फोन उचलला आणि सोमवारची अपॉइंटमेंट रद्द करायला नंबर शोधू लागल्या.

"हटव रे प्रीतम," दत्तोपंत म्हणाले.

प्रीतमने मला हटवलं नाही. त्याने बशीत चहा ओतला, सावकाश फुंकला, पिऊन संपवला, आणि प्रेमलताबाईंकडे आणखी एक कप मागितला.